हातापासून फॅन्टमपर्यंत : क्ष-किरण प्रतिमायंत्रांच्या अंशशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

सारांश : क्ष-किरणांच्या शोधाचा इतिहास सर्वपरिचित आहे. हे किरण निर्माण करणारी यंत्रे विश्वासार्ह कशी ठरली, त्यांची तपासणी कोणत्या मापाने होत गेली, हा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात १८९५ पासूनच्या या प्रवासाचा आढावा घेतला आहे. आरंभी यंत्र तपासण्याचे साधन मानवी शरीर हेच होते. पुढे हे काम रंग बदलणारी रसायने, आयनीभूत हवा, पाणी आणि कृत्रिम नमुने यांच्याकडे क्रमाक्रमाने सोपवले गेले. जेथे ही साधने वापरात राहिली नाहीत तेथे मापनाचा भार पुन्हा शरीरावरच आला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : क्ष-किरण, अंशशोधन, मात्रामापन, राँटगेन एकक, सीटी स्कॅन, फॅन्टम, अणुऊर्जा नियामक मंडळ.

१. प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि शोधकर्ते यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे स्थान शोधातून निर्माण झालेली यंत्रे रोजच्या रोज नीट चालवणाऱ्यांना मिळत नाही. यंत्राची देखभाल हा कारागिराचा विषय आणि अंशशोधन, म्हणजे रुग्णालयांत ज्याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात ते, हा तंत्रज्ञाचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः या दोन क्रियांमध्ये मूलभूत फरक आहे. देखभालीमुळे यंत्र चालू राहते, तर चालू असलेले यंत्र खरे सांगत आहे किंवा नाही हे अंशशोधनामुळे कळते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कॅलिपर हाती घेताच विद्यार्थ्याला प्रथम त्याची शून्यत्रुटी पाहण्यास शिकवले जाते, त्यामागील तत्त्व हेच आहे. बंद पडलेले यंत्र आपला दोष स्वतःच जाहीर करते. चुकीचे मोजणारे यंत्र मात्र बिनबोभाट चालत राहते आणि त्याची चूक दाखवण्यासाठी यंत्राबाहेरचा कोणीतरी साक्षीदार लागतो. हा साक्षीदार कोण असावा, या प्रश्नाची निरनिराळ्या काळांतील उत्तरे म्हणजेच अंशशोधनाचा इतिहास होय.

२. हात : पहिले मापनसाधन

विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्ट्सबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरील अंगठी दाखवणारे हे चित्र जगभर गाजले. पुढील काही वर्षांत मानवी हात हा क्ष-किरणांचा केवळ चित्रविषय राहिला नाही, तर त्यांच्या तपासणीचे साधनही बनला.

याचे कारण त्या काळातील नळीच्या रचनेत होते. तत्कालीन नळीत अल्प प्रमाणात वायू शिल्लक असे व किरणांची निर्मिती त्या वायूवर अवलंबून असे. वापरागणिक नळीतील वायूचा दाब कमी होई, तसतशी नळी ‘कठीण’ होई आणि तिचे किरण अधिक भेदक बनत. आज ‘मृदू’ असलेली नळी काही दिवसांनी वेगळ्याच प्रकारचे किरण देऊ लागे. त्यामुळे रुग्णाला समोर बसवण्यापूर्वी नळीची अवस्था पाहणे अपरिहार्य होते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे नळी आणि चकाकणारा पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरणे. हाडे काळीभोर दिसली तर नळी मृदू, मांस व हाडे दोन्ही करडी दिसली तर नळी कठीण, असा निर्णय डोळ्यांनी घेतला जाई. असे दिवसातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे चालले.

या पद्धतीची किंमत लवकरच दिसू लागली. टॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली हे नळ्यांच्या चाचणीसाठी स्वतःचे हात वापरीत. प्रथम त्यांच्या हातांवर भाजल्यासारखे व्रण उठले, पुढे कर्करोग झाला. शस्त्रक्रियांमध्ये दोन्ही हात गमावूनही त्यांचा जीव वाचला नाही आणि १९०४ मध्ये वयाच्या ३९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एडिसन यांनी क्ष-किरणांवरील काम त्याआधीच सोडून दिले होते. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये क्ष-किरण व रेडियम यांमुळे मृत्यू पावलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. ही सर्व माणसे चाचणीमुळेच दगावली असे म्हणता येणार नाही. तथापि यंत्राची स्थिती सांगणारे दुसरे साधन नसल्यामुळे चालकाचे शरीर हेच मापनयंत्र ठरले होते, ही वस्तुस्थिती त्या नावांमागे आहे.

३. रंग आणि त्वचा : मापाचा शोध

हात बाजूला ठेवण्याचे प्रयत्न २०व्या शतकाच्या आरंभीच सुरू झाले. काही ठिकाणी जिवंत हाताच्या जागी सांगाड्याचा हात वापरला गेला. फ्रान्समध्ये ल्वी बेन्वा यांनी चांदीच्या पातळ चकतीभोवती वाढत्या जाडीचे ॲल्युमिनियमचे १२ टप्पे बसवून किरणांची भेदकता मोजण्याचे साधन तयार केले. चांदीइतकीच छाया ॲल्युमिनियमच्या कोणत्या टप्प्याची पडते, यावरून नळीचा ‘कठीणपणा’ अंकांत सांगता येऊ लागला.

भेदकतेइतकाच किरणांच्या एकूण मात्रेचा प्रश्नही महत्त्वाचा होता. त्या काळात एकच नळी निदानासाठीही वापरली जाई आणि उपचारांसाठीही. त्यामुळे मात्रामापनाची गरज प्रथम उपचारांच्या क्षेत्रात जाणवली आणि तेथील मापे पुढे प्रतिमाचित्रणातही आली. व्हिएन्ना येथील गिडो होल्ट्सक्नेख्ट यांनी १९०२ मध्ये किरणांमुळे रंग बदलणाऱ्या रसायनावर आधारलेले मापनसाधन पुढे आणले. पॅरिसमध्ये साबुरो आणि न्वारे यांनी १९०४ मध्ये बेरियम प्लॅटिनोसायनाइडची गोळी प्रचारात आणली. डोक्यातील गजकर्णावर उपचार करण्यासाठी मुलांचे केस क्ष-किरणांनी घालवले जात. गोळीचा मूळचा हिरवा रंग नमुन्यातील ठरावीक पिवळसर छटेला पोहोचला, की केस गळण्यापुरती मात्रा पूर्ण झाली असे समजत. ही गोळी नळी आणि त्वचा यांच्यातील निम्म्या अंतरावर ठेवावी लागे व तिचा रंग कोणत्या प्रकाशात पाहिला यावर वाचन बदलत असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साधन रासायनिक असले, तरी त्याची मोजपट्टी शारीरिकच होती. केस गळणे आणि त्वचा लाल होणे हेच प्रमाण मानून रंगांचा अर्थ लावला जात होता. १९२० मध्ये जर्मनीतील झाइट्स आणि व्हिन्ट्स यांनी त्वचेवर लाली आणणाऱ्या मात्रेलाच एकक म्हणून मांडले. किरणांपासून संरक्षणाचा विचारही याच चौकटीत झाला. आर्थर मुटशेलर यांनी १९२०च्या दशकाच्या मध्यास सुचवलेली सुरक्षित मर्यादा म्हणजे लाली आणणाऱ्या मात्रेचा एका महिन्यातील शंभरावा भाग होता. परंतु माणसामाणसाची त्वचा भिन्न असते, लाली दिसण्यास काही दिवस लागतात आणि ती पाहणाऱ्याची नजरही वेगवेगळी असते. त्यामुळे एका दवाखान्यातील ‘एक मात्रा’ दुसऱ्या दवाखान्यातील एका मात्रेएवढी असेलच, याची खात्री देता येत नव्हती. होल्ट्सक्नेख्ट यांचे आयुष्य या संक्रमणाचे प्रतीक म्हणावे लागेल. मात्रा मोजण्याचे साधन देणाऱ्या या वैद्याला किरणांच्या दुष्परिणामांमुळे प्रथम बोटे आणि नंतर उजवा हात गमवावा लागला. १९३१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

४. हवा : राँटगेन एककाचा उदय

या परिस्थितीत दोन बदल निर्णायक ठरले. पहिला बदल यंत्रातला होता. अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये तापलेल्या टंगस्टन तारेतून इलेक्ट्रॉन पुरवणारी निर्वात नळी तयार केली. शिल्लक वायूच्या लहरीवर अवलंबून राहण्याचे दिवस त्यामुळे संपले. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह स्वतंत्रपणे नियंत्रित करता येऊ लागले. आजचे किरण कालच्यासारखेच असतील, अशी अपेक्षा करणे प्रथमच शक्य झाले. जे यंत्र स्वतःच्याच कालच्या स्थितीशी जुळत नाही, त्याचे अंशशोधन करूनही फारसा उपयोग नसतो. म्हणून कूलिज नळीला अंशशोधनाच्या इतिहासात पायाभूत स्थान आहे.

दुसरा बदल मापातला होता. क्ष-किरण हवेतून जाताना हवेचे आयनीभवन करतात आणि निर्माण झालेला विद्युतभार मोजता येतो. या गुणधर्मावर एकक उभारावे, अशी सूचना फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिलार यांनी १९०८ मध्येच केली होती. ती मान्य होण्यास वीस वर्षे लागली. १९२५ मध्ये लंडन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय किरणशास्त्र परिषदेत एककांचा प्रश्न समितीकडे सोपवण्यात आला. १९२८ च्या स्टॉकहोम येथील दुसऱ्या परिषदेत आयनीभवनावर आधारित ‘राँटगेन’ हे एकक स्वीकारले गेले. याच परिषदेत किरणांपासून संरक्षणासाठीही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

एकक कागदावर मान्य होणे आणि ते सर्वत्र सारखेच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेतील लॉरिस्टन टेलर यांनी १९३१ मध्ये मोजणीचा वाहून नेता येण्याजोगा वायुकक्ष युरोपात नेऊन तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या मापांशी त्याची तुलना केली आणि निरनिराळ्या देशांतील मोजमापे परस्परांशी जुळत असल्याचे दिसून आले. त्वचेची लाली एका देशातून दुसऱ्या देशात तुलनेसाठी नेता येत नव्हती, वायुकक्ष नेता येत होता. माप शरीरातून बाहेर आले आणि म्हणूनच ते सार्वत्रिक झाले.

आजही रुग्णालयातील मात्रामापक दुय्यम प्रमाण प्रयोगशाळेतील मापकाशी आणि तो मापक प्राथमिक प्रमाणाशी पडताळला जातो. या साखळीतील एक दुवा जरी तुटला, तरी शेवटच्या टोकाला मिळणारा आकडा निराधार ठरतो.

५. पाणी : संगणकीय प्रतिमेचे शून्य

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची छेदप्रतिमा घेतली. या कार्यासाठी हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रामुळे अंशशोधनाचे स्वरूपच पालटले. साध्या क्ष-किरण चित्रात छाया असतात, सीटीच्या प्रतिमेत मात्र प्रत्येक बिंदूला एक अंक असतो. आज प्रचलित असलेल्या हाउन्सफील्ड मापश्रेणीत पाण्याचे मूल्य ० आणि हवेचे मूल्य उणे १००० मानले जाते. चरबी शून्याच्या खाली आणि हाड शून्याच्या पुष्कळ वर असते.

पाण्याची निवड अर्थपूर्ण होती. शरीरातील मृदू ऊतींची घनता पाण्याच्या जवळपास असते. शिवाय पाणी सर्वत्र उपलब्ध आहे आणि त्याचे गुणधर्म स्थिर आहेत. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रात रुग्णाचे डोके रबरी आवरणातून पाण्याच्या पेटीतच ठेवले जाई. पुढील यंत्रांत ही पेटी नाहीशी झाली, परंतु पाणी भरलेले नळकांडे, म्हणजे पाण्याचा फॅन्टम, तपासणीसाठी कायम राहिले. सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी यंत्राला पाणी दाखवायचे आणि ते शून्य सांगते का हे पाहायचे, ही दिनचर्या रूढ झाली. १८९८ चा चालक जेथे स्वतःचा हात धरीत असे, तेथे आता पाण्याचे भांडे आले.

या शून्याचा निदानाशी थेट संबंध आहे. मूत्रपिंडातील गाठ केवळ द्रवाने भरलेली निरुपद्रवी पिशवी आहे की घन वाढ आहे, हे ठरवताना तिचे हाउन्सफील्ड मूल्य पाहिले जाते. शून्याच्या आसपासचे मूल्य द्रव सुचवते. यंत्राचे शून्यच जर वीस अंकांनी सरकले असेल, तर प्रतिमा स्वच्छ दिसूनही अर्थ बदलू शकतो. एखाद्या रुग्णाची विनाकारण शस्त्रक्रिया होण्याचा किंवा आवश्यक शस्त्रक्रिया लांबण्याचा धोका यातून संभवतो.

स्तनाच्या क्ष-किरण तपासणीसाठी हेच तत्त्व कायद्यात आले. अमेरिकेने १९९२ मध्ये मॅमोग्राफीच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदा केला. तेथे रूढ असलेल्या फॅन्टममध्ये कृत्रिम तंतू, कॅल्शियमसदृश कणांचे समूह व लहान गाठी बसवलेल्या असतात. त्यांतील किमान चार तंतू, तीन कणसमूह आणि तीन गाठी प्रतिमेत दिसल्याच पाहिजेत, असा निकष ठरला. यंत्र किती आधुनिक आहे यापेक्षा ज्ञात वस्तू ते दाखवू शकते का, हा प्रश्न येथे केंद्रस्थानी आला.

६. लॉस एंजेलिस, २००९ : शरीराची पुन्हा साक्ष

अंशशोधनाची साधने इतकी प्रगत झाल्यावर शरीराच्या साक्षीची गरज संपली असे वाटणे स्वाभाविक होते. २००९ मध्ये उघडकीस आलेल्या घटनेने हा समज खोटा ठरवला. लॉस एंजेलिसमधील सीडार्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात पक्षाघाताची शंका असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाची सीटी तपासणी होत असे. यंत्रात साठवलेल्या तपासणीच्या मांडणीत २००८ च्या आरंभी बदल झाला आणि त्यानंतर सुमारे १८ महिने २०० हून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या जवळपास आठपट मात्रा मिळत राहिली. साधारणतः ०.५ ग्रे असावयास हवी ती मात्रा ३ ते ४ ग्रेपर्यंत गेली होती. ही बाब कोणत्याही मापकाने लक्षात आणून दिली नाही. एका रुग्णाचे केस गळू लागले आणि त्याने रुग्णालयाशी संपर्क साधला, तेव्हा चौकशी सुरू झाली.

या घटनेत यंत्र नादुरुस्त नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या चौकशीचा निष्कर्षही असाच होता, की यंत्रे योग्य रीतीने वापरली असती तर अतिरिक्त मात्रा गेली नसती. यंत्र त्याला सांगितलेले काम अचूकपणे करत होते, परंतु सांगितलेलेच चुकीचे होते. मात्रेचा आकडा यंत्राच्या पडद्यावर दिसत होता. तो पाहून अपेक्षित मूल्याशी ताडण्याची रीत मात्र तेथे नव्हती.

यामागे तंत्रज्ञानातील एक बदलही कारणीभूत आहे. फिल्मच्या काळात मात्रा जास्त झाली तर फिल्म काळी पडे आणि चूक तेथेच उघड होई. संगणकीय प्रतिमेत उलट घडते. मात्रा वाढली तर प्रतिमा अधिक स्वच्छ दिसते. म्हणजे डोळ्यांना जे यंत्र उत्तम वाटते, तेच रुग्णाला अधिक अपाय करत असू शकते. १९०४ मध्ये केस गळणे हे मात्रेचे माप होते, १०५ वर्षांनंतर तेच पुन्हा चुकीची पहिली खूण ठरले. या घटनेनंतर २०१० मध्ये, ठरवलेल्या मर्यादेपलीकडे मात्रा जात असल्यास चालकाला सूचना देणाऱ्या व्यवस्थेचे मानक अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने प्रसिद्ध केले.

७. भारतीय संदर्भ

भारतात क्ष-किरण फार लवकर पोहोचले. १८९७-९८ च्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत लष्करी शल्यचिकित्सक बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी ते वापरले. तपासणीची संस्थात्मक व्यवस्था मात्र स्वातंत्र्योत्तर काळात उभी राहिली आणि तिचे केंद्र मुंबई हे होते. ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे १९६७ पासूनच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६२ मध्ये रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. रुग्णालयांना लागणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ त्यातून तयार झाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९७६ मध्ये दुय्यम प्रमाण मात्रामापन प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्यात ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेचाही समावेश आहे. मापाच्या जागतिक साखळीशी भारतीय रुग्णालयांना जोडणारा दुवा तो हाच.

कायद्याची चौकट अणुऊर्जा अधिनियम, १९६२ ने दिली. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि २००४ मध्ये प्रारण संरक्षणाचे सुधारित नियम आले. मंडळाच्या संहितेनुसार निदानासाठीच्या क्ष-किरण यंत्राची गुणवत्ता चाचणी दोन वर्षांतून किमान एकदा, तसेच किरणसुरक्षेशी संबंधित दुरुस्तीनंतर करावी लागते. या चाचणीत विद्युतदाब दर्शवलेल्या मूल्याच्या ५ किलोव्होल्ट आत-बाहेर आहे का, वेळमापक अचूक आहे का, नळीच्या आवरणातून गळणारे किरण एक मीटर अंतरावर तासाला १ मिलिग्रेच्या मर्यादेत आहेत का, अशा बाबी पाहिल्या जातात.

नियम आणि व्यवहार यांतील अंतर मात्र मोठे होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१२ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालाने ते आकड्यांत मांडले. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० केंद्रे मंडळाकडे नोंदलेली होती. उर्वरित ५२,१७३, म्हणजे सुमारे ९१ टक्के केंद्रे नियामक व्यवस्थेच्या बाहेर चालत होती. त्यानंतरच्या काळात मंडळाने परवाना व नोंदणीसाठी ‘ई-लोरा’ ही संगणकीय प्रणाली अमलात आणली. तथापि वरील आकड्यांचा अर्थ केवळ प्रशासकीय नाही. नोंदणीच नसलेल्या केंद्रातील यंत्राची चाचणी झाली किंवा नाही, हे विचारणारी कोणतीही बाह्य यंत्रणा नव्हती. तेथील यंत्र बरोबर चालले असेलही, पण ते सांगणारा साक्षीदार नव्हता.

रुग्णालयांच्या खरेदीव्यवहारातही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. यंत्र बंद पडले तर काम थांबते व तक्रार होते. म्हणून वार्षिक देखभाल करारात दुरुस्तीला प्राधान्य मिळते. अंशशोधन चुकले तर काम थांबत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. ज्या चुकीची तक्रार होत नाही, तिच्यासाठी निधीची तरतूद सहसा शेवटी केली जाते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, क्ष-किरण यंत्रांच्या अंशशोधनाचा इतिहास हा माप शरीराबाहेर नेण्याचा इतिहास आहे. हात, त्वचा, रंगीत गोळी, हवा, पाणी आणि फॅन्टम हे त्याचे टप्पे होत. दुसरा, यंत्राची स्थिरता आणि मापाची सार्वत्रिकता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच अंशशोधन शक्य झाले. तिसरा, ही प्रगती एकदा मिळाली की कायम राहते असे नाही. लॉस एंजेलिसमध्ये साधने होती पण ताडून पाहण्याची रीत नव्हती. भारतातील हजारो केंद्रांबाबत नियम होते पण नोंद नव्हती. या दोन्ही ठिकाणी काही बिघडले असल्यास ते प्रथम कळण्याची जागा रुग्णाचे शरीर हीच उरली.

एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डॅली यांनी स्वतःचा हात पुढे केला, तेव्हा त्यापुढील धोका कोणालाच पुरता ठाऊक नव्हता. आज तो ठाऊक आहे आणि तो टाळण्याची साधनेही आहेत. पाण्याचे एक नळकांडे, काही मिनिटांचा वेळ आणि नोंदवहीतील एक ओळ एवढीच रोजच्या तपासणीची किंमत आहे. ती न भरल्यास उरलेली किंमत, स्वतःला काहीच माहीत नसलेला रुग्ण भरत असतो.